अवकाशाची बातमी वाचावी कशी, पडताळावी कशी

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आणि मध्य प्रदेशातून आकाशात जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा दिसल्या. सण असल्यामुळे माणसे घराबाहेर होती, अनेकांनी ते दृश्य मोबाइलवर टिपले, आणि पाहता पाहता उल्कावर्षाव, पेटलेले विमान, कोसळलेला उपग्रह असे सगळे तर्क एकाच वेळी फिरू लागले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या शिवारात, सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे सापडले. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या भागांत धातूचे गोळेही मिळाले. त्या दिवशी न्यूझीलंडहून एक इलेक्ट्रॉन रॉकेट उडाले होते, म्हणून सुरुवातीला संशय त्याच्यावर गेला; परंतु कक्षेतील वस्तूंची बारकाईने नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असे सांगितले आणि पुढे तेच स्पष्टीकरण टिकले.

या प्रसंगाची मला पुन्हा पुन्हा आठवण होते, कारण त्या चित्रफिती नीट पाहिल्या असत्या तर निम्मे उत्तर घरबसल्या मिळत होते. उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत विझून जाते. उलट, पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून खाली येणारी मानवनिर्मित वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवी येते, त्यामुळे ती आकाशाचा मोठा पट्टा सावकाश ओलांडते आणि तिचे तुकडे एकमेकांच्या मागेपुढे समांतर चालताना दिसतात. पाडव्याच्या संध्याकाळी नेमके तेच दिसत होते. उल्कावर्षाव म्हणणाऱ्यांनी केवळ घड्याळाकडे पाहिले असते तरी पुरले असते.

शाळेनंतर ज्यांचा गणिताशी संबंध सुटला, पण २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे विक्रम हे यान चंद्रावर उतरताना ज्यांनी श्वास रोखून धरला होता, अशा हौशी वाचकांसाठी हे टिपण आहे. अवकाशाच्या बातम्यांची गोडी लागणे सोपे असते. ती टिकवायची तर प्रत्येक बातमीतील निदान एक गोष्ट आपल्या हाताने मोजून किंवा आपल्या डोळ्याने पाहून घ्यावी लागते. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक वही, साधे गणनयंत्र, पंचांग आणि शक्य असल्यास पश्चिमेकडे उघडी असलेली गच्ची. दुर्बीण नंतर घेतली तरी चालते, आणि माझे मत विचाराल तर ती नंतरच घ्यावी.

बातमी कोणत्या पायरीवरची आहे

अवकाशमोहिमेची एकच गोष्ट अनेकदा बातमी होते: ती सुचवली जाते तेव्हा, मंजूर होते तेव्हा, यान तयार होते तेव्हा, उडते तेव्हा, कक्षेत पोहोचते तेव्हा, आणि सर्वांत शेवटी, तिच्यातून काही निष्कर्ष निघतो तेव्हा. मथळ्यात या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून वाचताना क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. ‘पाठवणार’, ‘पाठवले’, ‘पोहोचले’ आणि ‘आढळले’ यांच्यामध्ये कधी कधी दहा-दहा वर्षे जातात. चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी उडाले आणि चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू असल्याचा निष्कर्ष सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाला, तोवर यानाशी संपर्कही तुटलेला होता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली, सुमारे २,६०० कोटी रुपयांची. परंतु त्या दिवशीच्या काही मथळ्यांवरून एखाद्याला वाटावे की यंत्र सुरूच झाले.

निष्कर्षाच्या बातमीत आणखी बारीक पायऱ्या असतात. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने, आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या बाह्यग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारखाच एक रेणू असल्याचे संकेत जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत मिळाल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून निर्माण होतो, त्यामुळे मथळा ‘परग्रहावर जीवसृष्टी’ असा झाला. बातमीच्या पोटात मात्र ‘तीन सिग्मा’ असे शब्द होते. त्यांचा अर्थ असा, की असा संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास आहे. हे ऐकायला भक्कम वाटते. पण शास्त्रज्ञ शोध जाहीर करण्यासाठी सहसा पाच सिग्मा, म्हणजे दहा लाखांत एकापेक्षाही कमी शक्यता मागतात, कारण हजारो वर्णपट तपासले जात असताना हजारात तीन अशा योगायोगांची गाठ वरचेवर पडते. पुढे इतर गटांनी हीच निरीक्षणे वेगळ्या पद्धतीने तपासली तेव्हा त्यांना तो पुरावा पुरेसा वाटला नाही, आणि हाच रेणू जीवसृष्टी नसलेल्या धूमकेतूवरही आधीच आढळला होता. यात कोणी कोणाला फसवले असे झाले नाही. वाचकाने करायचे ते इतकेच, की अशा बातमीसमोर वहीत ‘संकेत’ असे लिहावे, ‘शोध’ असे लिहू नये, आणि सहा महिन्यांनी त्या नोंदीकडे परत यावे.

आकडे

पहिला धोका भाषांतराचा असतो. इंग्रजी मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. घाईत केलेल्या भाषांतरात मिलियनचा कोटी आणि बिलियनचा लाख कोटी झालेला मी पुष्कळदा पाहिला आहे. त्यामुळे अंतराचा आकडा दिसला की तो चार ओळखीच्या मापांशी लावून पाहावा. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, अवकाशस्थानक अवघ्या ४०० किलोमीटरवर आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे. ‘इतक्या प्रकाशवर्षांपूर्वी’ असे वाक्य आले की लिहिणाऱ्याला ते समजलेले नाही, असे खुशाल धरून चालावे.

या मापांचा उपयोग कसा होतो ते पाहा. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी उडाले तेव्हा ‘सूर्याकडे झेप’, ‘सूर्यावर स्वारी’ असे मथळे होते. यान ज्या एल१ बिंदूभोवती ६ जानेवारी २०२४ पासून फिरत आहे तो पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. पंधरा लाखाला पंधरा कोटींनी भागले की एक शतांश उरतो. म्हणजे सूर्यापर्यंतच्या वाटेचा शंभरावा भाग यानाने कापला आणि तिथेच मुक्काम केला. हे कळल्याने मोहीम लहान होत नाही. उलट ‘मग तिथेच का?’ हा खरा प्रश्न सुचतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणाचा तेथे असा मेळ बसतो की यान थोड्या इंधनात पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती फिरू शकते आणि त्याच्या दृष्टीआड सूर्य कधीच होत नाही. या यानावरची सूट नावाची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली आहे, हेही त्या प्रश्नाच्या मागे लागल्यावर समजते.

चांद्रयान-३ चेही तसेच. ते ‘दक्षिण ध्रुवावर’ उतरले असे आपण सर्रास म्हणतो. उतरण्याची जागा सुमारे ६९.४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि ध्रुव ९० अंशांवर. चंद्राचा परीघ सुमारे १०,९२० किलोमीटर असल्यामुळे त्याच्यावरचा एक अंश जवळपास ३० किलोमीटरचा होतो. म्हणजे शिवशक्ती बिंदूपासून ध्रुव सव्वासहाशे किलोमीटर दूर राहतो, पुण्याहून नागपूर सरळ रेषेत जितके लांब आहे साधारण तितकाच. त्या दिवसापर्यंत कोणतेही यान चंद्रावर इतक्या दक्षिणेला अलगद उतरले नव्हते, आणि अभिमानासाठी तेवढे खरे पुरेसे आहे.

वस्तूंची नावेसुद्धा वाचता येतात, आणि हा भाग मुलांना फार आवडतो. सी/२०२३ ए३ या धूमकेतूच्या नावातील सी म्हणजे ठरावीक लहान आवर्तनाने परत न येणारा, २०२३ हे शोधाचे वर्ष, ए म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि ३ म्हणजे त्या पंधरवड्यात नाव मिळालेला तिसरा धूमकेतू. वर्षाच्या चोवीस पंधरवड्यांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे क्रमाने दिलेली असतात, फक्त आय वगळलेला असतो, कारण तो एक या आकड्यासारखा दिसतो. जुलै २०२५ मध्ये सापडलेल्या ३आय/अ‍ॅटलास या नावातला आय मात्र वेगळा: तो दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेल्या पाहुण्यांसाठी राखलेला आहे, आणि २०१७ चा औमुआमुआ व २०१९ चा बोरिसोव्ह यांच्यानंतरचा हा तिसरा पाहुणा होता.

धडकेची शक्यता आधी का वाढते

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधील अ‍ॅटलास दुर्बिणीने एक लघुग्रह टिपला. वरच्या नियमाने वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, म्हणून त्याचे नाव २०२४ वायआर४ पडले. जानेवारी २०२५ संपता संपता, तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेल्याचे जाहीर झाले. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्क्यांवर पोहोचली. आणि त्यानंतर आठवडाभरात ती हजारात एकाच्याही खाली, म्हणजे व्यवहारात शून्यावर आली. धडक झालीच तर ती कुठे होऊ शकेल याचा जो अरुंद पट्टा आखला होता तो प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत होता, म्हणून आपल्याकडे मुंबईचे नाव मथळ्यांत झळकले. तीन आठवडे दर दोन दिवसांनी वाढणारा आकडा आणि मग एकदम सारे शांत, हे पाहून अनेकांची समजूत झाली की शास्त्रज्ञांनी आधी घाबरवले आणि मग सारवासारव केली.

प्रत्यक्षात हा चढ-उतार अगदी अपेक्षित होता. समजा, घराची किल्ली हरवली आहे आणि ती दहा खोल्यांपैकी एकीत आहे एवढेच ठाऊक आहे. स्वयंपाकघरात ती असण्याची शक्यता दहात एक. पाच खोल्या शोधून झाल्या, किल्ली मिळाली नाही, आणि स्वयंपाकघर अजून पाहायचे आहे: आता तीच शक्यता पाचात एक झाली, जरी किल्ली तसूभरही हललेली नाही. शेवटी ती ओसरीत सापडते आणि स्वयंपाकघराची शक्यता त्या क्षणी शून्य होते. नव्या लघुग्रहाचे असेच असते. थोड्या दिवसांच्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली की आठ वर्षांनंतरच्या त्या दिवशी तो एका लांबलचक पट्ट्यात कुठेही असू शकतो, आणि त्या पट्ट्यात पृथ्वी हा एक ठिपका असतो. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आखूड होतो. ठिपका अजून पट्ट्यातच असेल तर त्याचा वाटा वाढलेला दिसतो. आणि एक दिवस पट्ट्याचे टोक ठिपक्याच्या अलीकडे सरकते. डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस या लघुग्रहाची २०२९ मधील धडकेची शक्यता अशीच २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती आणि अशीच उतरली.

अशी बातमी आली की चार गोष्टी शोधाव्यात: शक्यता किती, ती कोणत्या तारखेच्या निरीक्षणांवरून काढली आहे, वस्तूचा आकार किती, आणि पुढची निरीक्षणे कधी मिळणार. वायआर४ चा आकार सुमारे ६० मीटर ठरला, म्हणजे शहरासाठी भयंकर, परंतु पृथ्वीसाठी नाही. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील लघुग्रह केंद्र अशा वस्तूंची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवते. तिथला ताजा आकडा मथळ्यातल्या आकड्यापेक्षा बहुधा एक-दोन दिवस पुढे असतो. ‘पृथ्वीजवळून’ हा शब्द आला तर अंतर चंद्राच्या अंतराशी ताडून पाहावे. चंद्राच्या दहापट दूरून जाणाऱ्या दगडाला वर्तमानपत्रे ‘घासून गेला’ म्हणतात, तेव्हा चहा थंड होऊ देण्याचे कारण नसते.

वेळ आणि ठिकाण आपले करून घ्यावे

परदेशी बातमीतील तारीख जशीच्या तशी उचलली की फसगत ठरलेली. खगोलीय वेळा बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात; त्यांत साडेपाच तास मिळवावे लागतात आणि संध्याकाळनंतरची कोणतीही वेळ असली की आपल्याकडे तारीख बदलते. अमेरिकेतील वर्तमानपत्राने स्थानिक वेळ दिली असेल तर फरक आणखी मोठा.

स्थानाचाही फरक पडतो, आणि तो समजायला संकष्टी चतुर्थीएवढे चांगले उदाहरण नाही. त्या रात्री घराघरांत चंद्रोदयाची वेळ पाहिली जाते आणि दिनदर्शिकेत ती गावोगावची वेगळी छापलेली असते. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सुमारे सव्वासहा अंशांचा फरक आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून नागपूरकरांचा उपास मुंबईकरांच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी सुटतो. ग्रह, धूमकेतू आणि ग्रहणांच्या बातम्यांना हाच हिशेब लावावा. पंचांगाचा दुसरा उपयोग अंधारासाठी होतो: अंधुक वस्तू पाहायची असेल तर अमावास्येच्या आगेमागचे दिवस निवडावेत, आणि कृष्ण पक्षात चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो हे लक्षात ठेवून संध्याकाळचा काळोख वापरावा.

आकाशातील अंतरे मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब केल्यावर करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मूठ दहा अंश आणि ताणलेली वीत वीस अंशांच्या आसपास भरते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो तितका आपला अक्षांश असतो. पुण्याहून पाहिल्यास तो क्षितिजाच्या वर दोन मुठींना थोडा कमी असा सापडावा. बातमीत ‘पश्चिमेला १० अंशांवर’ असे लिहिलेले असेल तर मूठ धरून आधीच पाहून ठेवावे, की त्या जागी आकाश आहे की शेजारची इमारत. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यात सी/२०२३ ए३ संध्याकाळी पश्चिमेला दिसणार म्हणून मी आठवडाभर तयारी केली आणि आयत्या वेळी लक्षात आले की नेमक्या त्या दिशेला आमच्याच इमारतीची पाण्याची टाकी आहे. दुसऱ्या दिवशी टेकडीवर जावे लागले.

गच्चीवर

सुरुवात अवकाशस्थानकापासून करावी, कारण त्याचे भाकीत कधी चुकत नाही आणि त्याला ना दुर्बीण लागते ना गडद आकाश. ते सुमारे ९२ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी करते, परंतु आपल्याला ते सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या तास-दीड तासातच दिसते. कारण त्या वेळी आपण अंधारात असतो आणि ४०० किलोमीटर उंचीवर ऊन असते. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या सेवेवर किंवा हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपले गाव निवडले की दिवस, मिनिट, दिशा आणि उंची मिळते. ठिपका पश्चिमेच्या बाजूने उगवून पूर्वेच्या बाजूकडे जातो, उलट कधीच नाही. तो लुकलुकत नाही, त्याला लाल-हिरवे दिवे नसतात, आणि चांगल्या फेरीत तो शुक्राइतका तेजस्वी होऊन पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो. काही वेळा तो डोक्यावर आल्यावर अचानक मंद होऊन नाहीसा होतो. ते पृथ्वीच्या सावलीत शिरणे असते, आणि एकदा ते पाहिल्यावर कक्षा, सावली आणि वेग हे तिन्ही शब्द पुस्तकातून बाहेर येतात. शुभांशु शुक्ला २६ जून ते १४ जुलै २०२५ या काळात स्थानकावर होते तेव्हा आपल्याकडे नेमका पावसाळा होता, आणि ढगांच्या फटीतून अर्ध्या मिनिटासाठी दिसलेल्या त्या ठिपक्यात आपला माणूस आहे, या विचाराने गच्चीवर जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पावसाळा हा मराठी आकाशनिरीक्षकाचा जुना वैरी आहे. दर ऑगस्टला ययाती तारकासमूहातून होणाऱ्या पर्सिड उल्कावर्षावाची बातमी जगभर गाजते आणि महाराष्ट्रात तो बहुतेक वेळा ढगांवर पडतो. जुलै २०२० मधला निओवाइज धूमकेतू आपल्यातल्या अनेकांनी असाच घालवला. म्हणून पर्सिडच्या बातमीवर फार मन गुंतवू नये आणि आपली शक्ती १३-१४ डिसेंबरच्या मिथुन राशीतील जेमिनिड वर्षावासाठी राखून ठेवावी. तेव्हा आकाश निरभ्र असते, थंडी सोसण्याजोगी असते आणि उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून फुटल्यासारख्या दिसतात ती जागा, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ असल्यामुळे मध्यरात्रीनंतर तो डोक्याच्या आसपास येतो. बातमीत ‘तासाला १५० उल्का’ असे असते. तो आकडा उगमबिंदू थेट डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळे असतानाचा आदर्श आकडा आहे. शहराच्या गच्चीवरून त्याचा लहानसा हिस्सा पदरात पडतो. चटईवर उताणे पडावे, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत आणि मोबाइल खिशात ठेवावा, कारण पडद्याकडे एकदा पाहिले की ती वीस मिनिटे पुन्हा मोजावी लागतात.

धूमकेतूंच्या भाकितांवर मात्र कधी विसंबू नये. २०१३ मध्ये आयसॉन हा शतकातील सर्वांत देखणा धूमकेतू ठरणार असे गाजले होते. २८ नोव्हेंबरला तो सूर्याजवळून जाताना विखरून गेला. ‘ग्रह एका रेषेत’ ही बातमी अधूनमधून येते, तिची गंमत थोडक्यात अशी, की सर्व ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरत असल्यामुळे ते नेहमीच क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्य वर्षभर आकाशात ज्या वाटेने सरकताना दिसतो तिच्या, पट्ट्यात दिसतात. रेषा ही बातमी नसते, एका वेळी किती ग्रह क्षितिजाच्या वर आहेत ही असते. त्यांतील युरेनस आणि नेपच्यून डोळ्यांनी दिसतील असे कोणी सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या विधानांनाही तितपतच भाव द्यावा.

ढकलून आलेली चित्रे

दर दिवाळीला भारताचा रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलेला ‘नासाने घेतलेला’ फोटो येतो. तो एका रात्रीचा फोटोच नाही: अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी अनेक वर्षांत टिपलेल्या दिव्यांची नोंद एकत्र करून, वस्ती कशी वाढत गेली ते वेगवेगळ्या रंगांनी दाखवणारे ते चित्र आहे. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या, दिवाळीतल्या रात्रीचे खरे चित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्यात नेहमीचीच शहरे नेहमीसारखीच दिसत होती, कारण पणत्या आणि आकाशकंदिलांनी पडणारी भर अवकाशातून जाणवण्याइतकी नसते. ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेशही असाच चिवट आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ ५.५८ कोटी किलोमीटर इतका जवळ आला होता, आणि ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असे मूळ वाक्य होते. पुढे ढकलता ढकलता त्यातली दुर्बीण गळून पडली.

चित्रासाठी तीन प्रश्न पुरतात: कोणत्या यंत्राने टिपले, कोणत्या दिवशी, आणि रंग खरे आहेत की दिलेले. जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाशात पाहते, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे तिच्या प्रत्येक चित्रातील रंग नंतर नेमून दिलेले असतात. ती लबाडी नव्हे, नकाशात समुद्र निळा रंगवावा तसे ते आहे.

वही

वहीत चार रकाने आखावेत: बातमीची तारीख, बातमीतला दावा एका वाक्यात, आपण काय मोजले किंवा पाहिले, आणि पुन्हा कधी पाहायचे. चौथा रकाना भरायला विसरू नये, कारण अवकाशाच्या बातम्यांची दुसरी बाजू बहुधा मागाहून येते आणि ती पहिल्या पानावर नसते. शंका अडली तर विचारायला माणसे आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना आकाश दाखवत आली आहे, मुंबईत वरळीला नेहरू तारांगण आहे, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास आयुका आणि नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली होते. तिथे मुलांना नक्की न्यावे; एवढी मोठी तबकडी जवळून पाहिल्यावर बातमीतला ‘संकेत टिपला’ हा शब्द पुन्हा कधी हलका वाटत नाही.

माझ्या वहीतील सर्वांत लांबची नोंद अपोफिसची आहे. तीनशे-साडेतीनशे मीटरचा हा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे आपल्या दूरचित्रवाणीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून, सुरक्षितपणे जाणार आहे. जगभरच्या बातम्यांत १३ एप्रिल २०२९ ही तारीख आहे आणि तो शुक्रवार असल्यामुळे ती आणखी गाजेल. जागतिक वेळेनुसार रात्री पावणेदहाच्या सुमाराची ती वेळ आहे. साडेपाच तास मिळवून मी वहीत ‘१४ एप्रिल, शनिवार, पहाटे सव्वातीन’ असे लिहिले आहे आणि तिसरा रकाना कोरा ठेवला आहे.